आमच्या तालुक्याच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. गाव राहायला सुखाचं आणि कमाईलाही बरं व्हावं, तर सुरुवात कुठून करावी?

प्रवेशद्वार, चौकातलं कारंजं, नाना-नानी पार्क, जलतरण तलाव ही यादी बहुतेक नगरपंचायतींच्या पहिल्या-दुसऱ्या ठरावात असतेच. माझं म्हणणं, यातलं काहीही आधी करू नका. विकास आराखड्यांच्या, म्हणजे गावातली कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशांच्या, कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यातली बहुतेक तालुक्याच्या गावांत गटनकाशे घेऊन बांधावरून फिरण्यात. गावातल्या बहुतेक चुका पुढे निस्तरता येतात. गटार नव्याने बांधता येतं, दिवे लावता येतात, बाग दहा वर्षांनीही करता येते. पण नव्या वस्तीतला रस्ता एकदा अरुंद राहिला किंवा ओढा बुजला, की तो परत मिळत नाही. म्हणून सुरुवात चौकातून नको, गावाच्या कडेपासून करा. आज जिथे ऊस नाहीतर सोयाबीन उभं आहे आणि बांधावर 'प्लॉट विकणे आहे'ची पाटी लागली आहे, तिथून.

जयसिंगपूर पाहिलं नसेल तर सांगली-कोल्हापूर रस्त्याने जाताना एकदा उतरून आत चालून या. राजर्षी शाहू महाराजांनी शंभरेक वर्षांपूर्वी रेल्वे स्टेशनाजवळ हे गाव वसवलं आणि त्याला आपल्या वडिलांचं, जयसिंगराव घाटग्यांचं नाव दिलं. आधी रस्ते आखले, मग घरं आली. सरळ रस्ते, काटकोनात चौक, गल्ल्यांना नंबर. पत्ता सांगायला आजही गल्लीचा नंबर पुरतो. आता तिथेही गर्दी झाली, दुकानं पुढे सरकली, आणि बाहेरच्या नव्या वसाहतींत ती शिस्त फारशी उरली नाही. तरी जुन्या आखलेल्या भागात एक रस्ता अडला तर दुसरा मोकळा मिळतो, आणि एवढी सोय आपल्याकडच्या किती गावांत आहे? तिला पैशापेक्षा क्रम लागतो.

आपल्याकडे आज हा क्रम उलटा आहे. एक शेतकरी प्लॉट पाडतो, त्याचा रस्ता शेजाऱ्याच्या बांधाला जाऊन धडकतो. दोन वर्षांनी शेजारी प्लॉट पाडतो, तर त्याचा रस्ता चाळीस फूट बाजूला. एकाचा नऊ मीटर, दुसऱ्याचा सहा. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्यात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या नकाशात, दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. चार हजार चौरस मीटर म्हणजे जेमतेम एक एकर. मग काय होतं, ते गावातला कुठलाही एजंट सांगेल: जमीन एकराच्या आतल्या तुकड्यांत येते आणि खुली जागा कुणाच्याच वाट्याला येत नाही. याच्याही पलीकडे गुंठेवारी आहे, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. राहत्या माणसाला घराबाहेर काढा असं मी म्हणणार नाही, पण मुदत एकदा वाढली की पुढच्या वाढीच्या आशेवर नवे प्लॉट पडतात, हेही डोळ्यांनी पाहिलं आहे.

यावर उपाय १९६६ च्या नगररचना कायद्यातच आहे, त्याचं नाव नगररचना योजना. शेजारशेजारच्या गटांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, मैदान, शाळेची जागा काढायची आणि उरलेली जमीन नीट आकाराचे, रस्त्याला लागलेले भूखंड पाडून मूळ मालकांनाच परत द्यायची. मालकाचं क्षेत्र कमी होतं, पण आत अडकलेल्या शेताला रस्ता मिळाला की भाव कुठल्या कुठे जातो. मुंबई इलाख्यात याचा कायदा १९१५ सालीच झाला होता. मुंबईतल्या विलेपार्ले-सांताक्रूझचे आणि पुण्यात भांबुर्ड्याचे (आजच्या शिवाजीनगरचे) भाग याच पद्धतीने आखले गेले. पुढे अहमदाबादने ती सोडली नाही, आपण जवळजवळ विसरलो. छोट्या गावात एकदम दोनशे एकरांची योजना करू नका, वीस-पंचवीस एकरांची करा. मालकही ओळखीचे असतात. पहिल्या बैठकीत सगळे संशयाने बघतात, "आमची जमीन घ्यायला आलात" म्हणतात. नकाशावर प्रत्येकाचा नवा भूखंड रंगवून दाखवल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही.

ओढ्यांचंही तसंच. सातबाऱ्यावर ओढा म्हणजे पोटखराबा, लागवडीला न येणारी जमीन, आणि पोटखराब्याला किंमत नाही असा समज. आधी भराव पडतो, मग पाइप टाकून वर रस्ता होतो, मग पहिल्या मोठ्या पावसात तळमजल्यात पाणी. नदीकाठच्या शहरांसाठी पुराचं पाणी कुठवर येतं हे दाखवणाऱ्या जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडने पाहिलं ते सर्वांना आठवतं. पण तालुक्याच्या गावातल्या लहान ओढ्याची पूररेषा सहसा कुणी आखत नाही. तुमच्या आराखड्यात तो ओढा निदान ओढा म्हणून दाखवला आहे ना, आणि दोन्ही काठांना हिरवा पट्टा सोडला आहे ना, एवढं बघा. पुढे तोच पट्टा सकाळी फिरायला उपयोगी पडतो, वेगळं पार्क लागत नाही.

कडेला जितकं कडक व्हायचं, तितकंच जुन्या गावठाणात हलक्या हाताने वागायचं. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ पासून दहाएक वर्षं हिंदुस्थानात होते, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. गावांची पाहणी करताना ते गल्लीबोळांतून पायी हिंडत, आणि जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्याच्या इंजिनिअरांच्या हौसेला त्यांचा सक्त विरोध. पडकं घर काढा, तिथे लहानसा चौक करा, झाड लावा, विहीर साफ करा, असं ते सांगत. होळकरांच्या इंदूरचा अहवाल त्यांनी १९१८ साली दिला. त्याच इंदुरात प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली, आणि ज्या रस्त्यांवर लोकांनी घरं जास्त साफ केली असतील तिकडून ती जाईल असं जाहीर केलं. म्हणजे आजच्या स्वच्छता स्पर्धांच्या शंभर वर्षं आधी. गावठाणात रुंदीकरणाची रेषा मारली, तर वाड्यांच्या ओसऱ्या आणि दुकानांच्या पायऱ्या जातात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुचाक्या लागतात. मधल्या पेठेत चारचाकी नाही शिरली तर बिघडत नाही.

पाणी आणि कचरा यांवर मी थोडक्यात लिहितो, कारण या दोन्हींत महाराष्ट्रातल्या लहान गावांनी करून दाखवलेलं आहे. कऱ्हाडशेजारच्या मलकापूरने पंधरा वर्षांपूर्वीच घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, जास्त वापराला चढा दर लावला. नळ दिवसभर चालू असला की पाणी जास्त लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात साठवलेलं 'शिळं' पाणी रोज ओतून देणं थांबतं. वेंगुर्ल्याने ओला-सुका एवढ्यावर न थांबता कचऱ्याचे बरेच प्रकार वेगळे करायला लावले, आणि तिथला कचरा डेपो लोक बघायला जातात. एक लाखाच्या आतल्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली कऱ्हाड, २०२१ साली विटा, २०२२ साली पाचगणी आणि २०२३ साली सासवड देशात पहिलं आलं. सलग चार वर्षं, आणि चारही गावं आपली. तेव्हा 'लहान गावाला जमत नाही' हे कारण चालणार नाही.

आता कमाईचं. एमआयडीसी आली की गावाचं भलं होईल, ही आशा प्रत्येक गावात असते. आली तर उत्तमच. पण तालुक्याचं गाव मुळात जगतं ते भोवतालच्या पन्नास-साठ खेड्यांवर. आठवडी बाजार, खत-बियाण्याची दुकानं, दवाखाने, कॉलेज, मोटार रिवाइंडिंग, लग्नाचा बस्ता. येवल्याची पैठणी किंवा हुपरीची चांदी असा स्वतःचा धंदा असेल तर तो जपा, पण तो ठरावाने निर्माण होत नाही. खेड्यातून आलेल्या बाईला गावात चार तास काढता आले पाहिजेत, हे मात्र ठरावाने होतं. बाजाराच्या दिवशी बायकांसाठी पाणी असलेलं, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह, एसटी स्टँडपासून बाजारापर्यंत सावलीची पायवाट, बाजाराला ओटे आणि झाडं. माझ्या मते कारंज्यापेक्षा यात गावातल्या दुकानदाराचा फायदा जास्त आहे. गाडीवाल्यांना हुसकवण्याआधी २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचा. त्याखालच्या शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच घ्यावे लागतात. आणि बायपास होणार असेल तर स्टँड आणि तहसील कचेरी तिकडे हलवण्याचा मोह टाळा. दोन वर्षांत पेठ ओस पडते, आणि बायपासच्या दोन्ही बाजूंना ढाबे-शोरूम उभे राहून तोही गावातला रस्ताच होतो.

हे सगळं चालवायचं कशावर? १९९९ साली नगरपरिषदांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, गेली. तेव्हापासून लहान शहरं मुख्यतः अनुदानावर आहेत, आणि योजनांचं अनुदान बांधायला मिळतं, चालवायला सहसा मिळत नाही. बांधून कुलूप लावलेली नाट्यगृहं तुम्हीही पाहिली असतील. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी लहान शहरांच्या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिले, ते बरंच झालं. पण पंपाचं वीजबिल आणि सफाई कामगारांचा पगार शेवटी घरपट्टी-पाणीपट्टीतूनच निघायचा. घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी. निवडणूक जवळ आली की ती पुढे ढकलली जाते. कर वाढवा म्हणणारा नगरसेवक मी क्वचित पाहिला. पण ज्या वॉर्डात पाणी वेळेवर येतं तिथे वसुली बरी असते, हे कुठल्याही वसुली कारकुनाला विचारा.

तुम्ही नगरसेवक नसाल, साधे रहिवासी असाल, तरी एक काम करता येतं. नव्या नगरपंचायतीचा विकास आराखडा आज ना उद्या होणारच. प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर हरकती-सूचनांना तीस दिवस असतात, आणि त्या तीस दिवसांत बहुतेक लोक फक्त आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलं का, म्हणजे तो सार्वजनिक कामासाठी राखून ठेवला का, एवढंच बघून जातात. तुम्ही इतर गोष्टी बघा. ओढा दाखवला आहे का, नवे रस्ते एकमेकांना मिळतात का, शाळा आणि मैदान राहत्या वस्तीला लागून आहे की लांब पडीक गटात. आरक्षणं किती टाकली यावर खूश होऊ नका. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही की आरक्षण सुटतं. तिजोरीत दहा मैदानं घेण्याइतका पैसा नसेल तर चारच मागा, पण मोक्याची. हरकत लेखी द्या, गट नंबर घाला, सोबत हाताने काढलेला का होईना नकाशा जोडा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. सुनावणीला शक्यतो चार-पाच जण मिळून जा, त्यात एक तरी जमीनमालक असू द्या.