दुरुस्तीला टाकण्याआधी: वाचकांचे प्रश्न

छोट्या गावातल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला दिलेल्या वस्तूंबद्दल वाचकांनी विचारलेले चार प्रश्न आणि त्या त्या कामातल्या जाणकारांची उत्तरं.

प्रश्न: पाण्याच्या पंपाची तीन फेजची मोटार वर्षात दोनदा जळाली. दोन्ही वेळा एकाच दुकानातून भरून (आतलं तारेचं वाइंडिंग नवं गुंडाळून) घेतली. दुकानदार म्हणतो, काम पक्कं आहे, दोष लाइटचा आहे. खरं कसं कळायचं? आणि आता पुन्हा भरायला देताना काय सांगू?

उत्तर: जुनं वाइंडिंग कापून टाकण्याआधी मोटार तुमच्यासमोर उघडायला सांगा. स्टेटरच्या (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या) बाहेर वळलेल्या कॉइलच्या टोकांकडे नीट पाहिलं की कारण बहुतेक वेळा तिथंच दिसतं. दुकानात हेच बघायचं राहून जातं, कारण गिऱ्हाइकाला घाई असते आणि कॉइल भंगारात गेल्यावर पुरावा उरत नाही.

मोटार स्टार जोडणीची (तिन्ही फेजच्या कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधलेली) असेल आणि दोन फेजच्या कॉइल काळ्या पडून तिसऱ्या फेजच्या कोऱ्या राहिल्या असतील, तर एक फेज गेलेली असताना मोटार चालत राहिली. डेल्टा जोडणीत (तिन्ही फेजच्या कॉइल त्रिकोणासारख्या जोडलेल्या) हेच घडलं तर उलट दिसतं: एकाच फेजच्या कॉइल ठराविक अंतराने जळतात, बाकीच्या दोन फेज बऱ्या असतात. मात्र एक फेज गेली म्हणजे दोष बाहेरच्या लाइनचाच, असं नाही. उडालेला फ्यूज, स्टार्टरमधला जळका कॉन्टॅक्ट, ढिला लग (तारेच्या टोकाची पकड) किंवा केबलची आतून तुटलेली तार यांनीही तेच होतं. स्टार्टर उघडून तिन्ही कॉन्टॅक्ट तपासल्याशिवाय नवी मोटार जोडू नका.

सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर भार जास्त होता, पंप अडकला होता, व्होल्टेज कमी होतं किंवा पंखा तुटल्याने हवा मिळत नव्हती. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. व्होल्टेज २० टक्क्यांनी उतरलं की ताकद ६४ टक्क्यांवर येते, आणि तेवढाच भार ओढायला मोटार जास्त करंट घेते. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. सेंट्रिफ्युगल पंप ठरलेल्या उंचीपेक्षा बऱ्याच कमी उंचीवर पाणी टाकत असेल तर तो जास्त पाणी फेकतो आणि मोटारीवरचा भार वाढतो. अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा दाबून करंट नेमप्लेटवरच्या आकड्याखाली आणावा. ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) त्या आकड्याच्या वर लावलेला असेल तर तो असून नसल्यासारखा.

एकाच जागी, एक-दोन कॉइलच जळल्या आणि बाकी वाइंडिंग स्वच्छ असेल, तर शंका भरण्याच्या कामावर घ्यावी: तार ओढताना तिच्यावरचा इनॅमलचा थर खरवडला, स्लॉटमधला (कॉइल बसते त्या खाचेतला) कागद आखूड पडला किंवा व्हार्निश आतपर्यंत पोचलं नाही. फक्त सील गळून आत पाणी गेलं होतं का, एवढं आधी पाहून घ्या. गंजाचे ओघळ लगेच दिसतात.

आता भरायला देताना. कॉइलमधले वेढे, तारेचं गेज (जाडीचा नंबर), एका वेढ्यात किती तारा, कॉइल किती स्लॉटवर बसते आणि जोडणी कोणती, हे पाचही आकडे पावतीवर लिहून घ्या. गेजमध्ये तडजोड नको. २० गेजऐवजी २१ गेजची तार भरली तर तारेची जाडी ०.९१ मिलिमीटरवरून ०.८१ वर येते आणि तांबं सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतं. हवी ती तार दुकानात नसेल तर दोन बारीक तारा जोडीने चालतात, पण दोन्हींचं मिळून क्षेत्रफळ मूळ तारेइतकं हवं. तांब्याच्या जागी त्याच जाडीची ॲल्युमिनिअमची तार मुळीच नको. तिचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो.

जुनी कॉइल सोडवायला स्टेटरवर गॅसची ज्योत थेट मारू देऊ नका. लोखंडी पत्र्यांच्या मधला पातळ थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि मग मोटार रिकामी चालतानाही तापते. भट्टीत सुमारे ३६०–३७० अंश सेल्सिअसच्या आत काम व्हायला हवं. व्हार्निश ब्रशने वरवर फासून भागत नाही. स्टेटर आधी तापवून त्यातली ओल घालवायची, मग व्हार्निशमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवायचा, निथळायचा आणि पुन्हा तापवून पक्का करायचा. याला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळपर्यंत मोटार हवीच असा हट्ट धरू नये.

घेताना तीन गोष्टी मोजायला सांगा. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरवर) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात निदान ५ मेगओहम यायलाच हवेत. नीट वाळलेलं नवं वाइंडिंग १०० च्या पुढे दाखवतं. तिन्ही फेजचा रोध सारखा हवा. आणि मोटार रिकामी चालवून क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरवर) तिन्ही तारांचा करंट पाहावा. एका तारेत तो ठळकपणे जास्त आला तर लगेच वाद घालू नका. लाइन बंद करून तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवून जोडा; असं केल्याने फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट लाइनच्या तारेबरोबर सरकला तर दोष लाइनचा. मोटारीच्या त्याच टोकावर राहिला तर वाइंडिंगचा. तुमच्या आणि दुकानदाराच्या वादाचा निकाल या तपासणीत लागतो.

प्रश्न: पंपाच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॉडीला तडा गेला होता. वेल्डिंगवाल्याने जोडून दिलं, पण आठवड्यात वेल्डच्या शेजारीच नवा तडा आला. बीड जोडलं जातच नाही का?

उत्तर: जातं, पण गेट जोडायच्या साध्या रॉडने आणि त्या वेगाने नाही. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो. वेल्डच्या कडेचा भाग झटकन थंड झाला की काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. वर वेल्ड आकसताना त्याला ओढतो. म्हणून तडा वेल्डमध्ये न येता शेजारी येतो.

तुकडा खरंच बिडाचा आहे का, हे आधी ग्राइंडर लावून पाहावं. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद तांबूस असतात, पोलादाच्या लांब आणि उजळ. मग तड्याचं टोक शोधायचं: रॉकेल लावून कोरड्या कापडाने पुसा, वर खडूची पूड लावा; तड्यातलं रॉकेल झिरपून रेघ उमटते. तडा डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा बहुतेक वेळा लांब निघतो. दोन्ही टोकांना ३ ते ५ मिलिमीटरचं भोक पाडलं नाही तर तो पुढे धावतच राहतो. त्यानंतर रेघ ‘व्ही’ आकारात खोलायची आणि मुरलेलं तेल उष्णता देऊन जाळून टाकायचं, नाही तर वेल्डला बुडबुडे येतात.

रॉड निकेलचा मागा. एका वेळी २ ते ३ सेंटिमीटरच वेल्ड, तो गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके, आणि हात लावण्याइतकं थंड झाल्यावर पुढचा तुकडा दुसऱ्या जागी. दुसरी रीत म्हणजे सगळी बॉडी भट्टीत चांगली तापवून वेल्ड करणं आणि चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश थंड करणं. कुठल्याही रीतीत पाणी ओतून थंड करायचं नाही. पातळ भिंतीच्या बॉडीला पितळी रॉडने गॅसवर जोडणं जास्त भरवशाचं, कारण त्यात बीड वितळवावं लागत नाही. बेअरिंगची जागा फाटली असेल तर नुसत्या वेल्डवर समाधान मानू नका. नंतर लेथवर ती जागा मापात घ्यावीच लागते.

प्रश्न: दुचाकीची मागची ट्यूब सारखी पंक्चर होते. टायरमध्ये खिळा सापडत नाही.

उत्तर: ट्यूब बाहेर काढताना व्हॉल्व्हच्या जागी टायरवर खडूने खूण करा, म्हणजे ट्यूबवरचं भोक टायरच्या किंवा रिमच्या कुठल्या भागासमोर होतं ते सापडेल. भोक रिमच्या बाजूला असेल तर आतली पट्टी सरकलेली असते किंवा आऱ्याचं टोक वर आलेलं असतं. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपली गेली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर कमी हवेत टायर रिमवर सरकतो आहे. बाहेरच्या बाजूचं भोक असेल तर टायर आतून बोटं जपून चाचपावा. बारीक तार किंवा काटा बाहेरून दिसत नाही.

पॅच सुटतो तो बहुतेक वेळा घाईने. जागा घासून खरखरीत करा, पूड झाडा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि तो बोटाला ओला न लागता चिकट लागेपर्यंत थांबा. ओल्यावरच पॅच दाबला तर आत वाफ कोंडते आणि कड उचलते. ट्यूबलेस टायरमध्ये फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातलं, सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त करावं. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर टायर बदला.

प्रश्न: बॅटरी चार्ज करून आणली की दोन दिवस चालते, मग पुन्हा उतरते. दुकानात आणखी ॲसिड घालावं का?

उत्तर: नको. बॅटरीतून पाणी उडतं, ॲसिड जवळजवळ नाही. म्हणून भर घालायची ती डिस्टिल्ड वॉटरचीच. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक घराचं (सेलचं) हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता दाखवणाऱ्या नळीवर) माप घ्यायला सांगा. सगळी घरं १.२६ ते १.२८ च्या आसपास हवीत. एखादंच घर बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने खाली राहिलं तर ते घर गेलं, आणि अशी बॅटरी पुन्हा पुन्हा चार्जिंगला टाकण्यात अर्थ नाही. सगळी घरं सारखी असतील तर दोष गाडीत शोधा: इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या ॲम्पिअर-अवरच्या दहाव्या भागाइतका ठेवायला सांगा. तासाभरात जोरात भरलेल्या बॅटरीच्या प्लेट तापून वाकतात.