उठणारा बैल

सोलापूर

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझी चित्रं पोहोचली. पाकीट फोडल्यावर आधी बैलच बघितला. रेषेत जोर आहे, पण सगळीकडे सारखाच; शिंगाला तेवढा, शेपटीलाही तेवढाच. आकार वेडावाकडा केला, कोळसा खसाखसा ओढला की एक्स्प्रेशनिझम (दिसतं तसं नाही, आतून जाणवतं तसं काढायची शैली) झाला, असं कुणी तुझ्या डोक्यात भरवलं असेल तर काढून टाक.

त्या शैलीतला जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्क, त्याचे निळे घोडे तुला आवडतात. पण हा माणूस म्युनिकमध्ये प्राण्यांच्या शरीररचनेच्या शिकवण्या घ्यायचा. हाडं पाठ होती, म्हणून मान हवी तशी वळवता आली. १९१५ साली महायुद्धाच्या आघाडीवर त्याने एका वहीत नुसत्या पेन्सिलीने ३६ चित्रं काढली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हर्दँच्या लढाईत तो मारला गेला. ती वही कुठे छापलेली मिळाली तर निळ्या घोड्यांच्या आधी बघ.

आता तुझा खिलार. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथे जा. उभ्या बैलाच्या नादी लागू नकोस, बसलेला उठतो कसा ते बघ. आधी मागचे पाय उचलतो. पुढून अजून गुडघ्यांवरच असतो, मान पुढे फेकलेली, आणि सगळा भार वशिंडाखाली खांद्यावर येतो. (घोड्याचं उलट, तो पुढून उठतो.) रेषा जाड हवी ती तिथे, कोळसा आडवा धरून दाबलेली. पाठीवरून मागे जाताना हात सैल सोड, पुसट झाली तरी होऊ दे. शिंगं मात्र एका दमात, खांद्यातून हात फिरवून. मनगटाने काढलीस की तुकडे पडतात, तुझ्या चित्रात पडलेत तसे. आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. एवढ्या मोठ्या फलकावर मनगट काय कामाचं? त्यांच्या घोड्यांतली झेप तिथलीच, असं मला तरी वाटतं.

दावं, गव्हाण, मागची गर्दी नाही काढलीस तरी चालेल. रेषा चुकली तर शेजारी दुसरी ओढ. खोडरबर घरी ठेव.

आणि पुढच्या खेपेला फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारून पाठव. या वेळी अर्धा बैल पाकिटालाच चिकटून आला.

तुझा,
सर