वाचकांचे प्रश्न : मार्चच्या आधीचा हंगाम

अमेरिकेतील विद्यापीठीय बास्केटबॉलविषयी वाचकांची पत्रे अधूनमधून येत असतातच. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख इंडियाना राज्यातील परड्यू विद्यापीठाच्या ‘बॉयलरमेकर्स’ या टोपणनावाच्या संघावर आहे. महाराष्ट्रातून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी तिथे जाणाऱ्यांची संख्या पाहता त्यात नवल नाही. त्यातील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमची मुलगी परड्यूला शिकते. पूर्वी रविवारी फोन आला की अभ्यासाविषयी, जेवणाविषयी बोलायची. आता ‘बॉयलरमेकर्स’शिवाय दुसरा विषय नसतो. तिचे बोलणे समजावे एवढीच इच्छा आहे. हे ‘कॉन्फरन्स’ म्हणजे नेमके काय? (एक पालक, सांगली)

उत्तर : कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी दरवर्षी खेळण्याचा करार केलेल्या विद्यापीठांचा गट. परड्यूच्या गटाचे नाव बिग टेन. १८९५ मध्ये परड्यूचेच तत्कालीन अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी शिकागो येथे सात विद्यापीठांच्या प्रमुखांची बैठक बोलावली आणि पुढच्याच वर्षी हा गट अस्तित्वात आला. सुरुवातीला तो मध्य-पश्चिमेकडील राज्यांपुरता होता. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील चार विद्यापीठे आल्यापासून त्यात अठरा सभासद आहेत, आणि नावातले ‘टेन’ मात्र कोणी बदललेले नाही.

हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. पहिले काही आठवडे संघ गटाबाहेरच्यांशी खेळतो. डिसेंबरात गटातले एक-दोन सामने होतात आणि जानेवारीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जवळजवळ सगळे सामने गटातच होतात. प्रत्येक संघाच्या वाट्याला असे वीस सामने येतात : तीन प्रतिस्पर्ध्यांशी घरी आणि बाहेर असे दोनदा, उरलेल्या चौदांशी एकेकदा. या विसांच्या गुणतक्त्यात जो पहिला येतो, तो गटाचा नियमित हंगामाचा विजेता. त्यानंतर गटाचीच एक छोटी बाद फेरीची स्पर्धा होते, आणि ती संपल्यावर अडुसष्ट संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते. भारतातल्या वर्तमानपत्रांत बातमी आलीच तर ती या शेवटच्या स्पर्धेची येते. आपली मुलगी मात्र बहुधा जानेवारी-फेब्रुवारीविषयी बोलत असणार, आणि आमच्या मते तिचे बरोबर आहे.

तिच्याशी बोलताना एक प्रश्न हमखास चालेल : “इंडियानाशी सामना कधी आहे?” ब्लूमिंग्टनचे इंडियाना विद्यापीठ हे परड्यूचे हाडवैरी. २३ फेब्रुवारी १९८५ रोजी याच दोन संघांच्या सामन्यात इंडियानाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांनी पंचांवर संतापून लाल खुर्ची मैदानात भिरकावली. तेव्हा परड्यूचा खेळाडू फ्री थ्रो (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारा विनाअडथळा फेक) घेण्यासाठी रेषेवर उभा होता. परड्यूने तो सामना ७२-६३ असा जिंकला, पण लक्षात राहिली ती खुर्चीच.

प्रश्न : गुणतक्ता, पत्रकारांची क्रमवारी, ‘नेट’ क्रमवारी असे तीन-तीन आकडे दिसतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. कधीकधी हरलेला संघ फारसा खाली येत नाही, तर जिंकलेला खाली सरकतो. यातले खरे कोणते मानावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तिन्ही खरे आहेत, पण तिन्हींचे काम वेगळे आहे. गुणतक्ता फक्त गटातील सामन्यांचे जय-पराजय मोजतो आणि त्यावरून गटाचे विजेतेपद ठरते. पत्रकारांची साप्ताहिक क्रमवारी म्हणजे मतदान. त्यातून चर्चेला खाद्य मिळते, स्पर्धेतील प्रवेश नव्हे. निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद यांचे गणित मांडून काढलेली, २०१८-१९ च्या हंगामापासून वापरात असलेली ‘नेट’ क्रमवारी मात्र राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड समितीसमोर असते, म्हणून ती समजून घेणे फायद्याचे आहे.

सामना कोणाशी झाला आणि कुठे झाला, या दोन्ही गोष्टींना येथे किंमत आहे. त्यांवरूनच सामन्यांचे कठीणपणानुसार वर्ग पाडले जातात. सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या पहिल्या वर्गात घरच्या मैदानावर पहिल्या तीस क्रमांकांतल्या संघाशी झालेला सामना बसतो, तटस्थ मैदानावर पहिल्या पन्नासांतल्या संघाशी झालेला बसतो आणि परक्या मैदानावर पहिल्या पंचाहत्तरांतल्या संघाशी झालेलाही बसतो. म्हणजे परगावी जाऊन सत्तराव्या क्रमांकाच्या संघाला हरवणे हे घरी पंचविसाव्याला हरवण्याच्या पंक्तीत येते. आपल्याला पडलेले कोडे येथेच सुटते : बलाढ्य संघाकडून त्याच्या घरी दोन गुणांनी हरणे फारसे नडत नाही, आणि दुबळ्या संघाला स्वतःच्या घरी कसेबसे हरवणे फारसे कामी येत नाही.

परक्या मैदानाला एवढे महत्त्व का, हे २०२३-२४ च्या परड्यूकडे पाहून कळते. त्या वर्षी संघाने गटातील वीसपैकी सतरा सामने जिंकले. हरलेले तिन्ही सामने बाहेरचे होते : नॉर्थवेस्टर्नकडून जादा वेळेत, नेब्रास्काकडून सोळा गुणांनी, आणि ओहायो स्टेटकडून चार गुणांनी. नेब्रास्काच्या सामन्याच्या वेळी परड्यू देशात पहिल्या क्रमांकावर होता, आणि सामना संपताच नेब्रास्काच्या लिंकन शहरातील विद्यार्थी गर्दी करून मैदानात उतरले. स्वतःच्या मॅकी अरिनामध्ये मात्र या संघाने त्या वर्षी गटातला एकही सामना गमावला नाही.

प्रश्न : वीस-वीस सामने जिंकून शेवटी राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद व्हायचे, तर त्या गटविजेतेपदाला अर्थ काय? २०२३ मध्ये परड्यूचे असेच झाले होते ना? (एक माजी खेळाडू, कोल्हापूर)

उत्तर : झाले होते, आणि फार वाईट तऱ्हेने झाले होते. त्या वर्षी परड्यूने गटातील पंधरा सामने जिंकून विजेतेपद घेतले, शिकागोतील गटाची बाद फेरीही जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या विभागातील अव्वल मानांकन मिळवले. (या स्पर्धेत संघ चार विभागांत वाटतात आणि प्रत्येक विभागात ताकदीनुसार एक ते सोळा मानांकने देतात.) १७ मार्च रोजी कोलंबस येथे समोर आला तो सोळावे मानांकन असलेला फेअरली डिकिन्सनचा संघ. या संघाने स्वतःच्या छोट्या गटाची स्पर्धाही जिंकलेली नव्हती. जिंकणारा मेरिमॅक नियमांनुसार राष्ट्रीय स्पर्धेस पात्र नसल्याने त्याची जागा याला मिळाली होती. सरासरी उंचीच्या हिशेबात हा देशातील सर्वांत बुटक्या संघांपैकी एक, तर परड्यूकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. फेअरली डिकिन्सनने ईडीच्या पुढे एक आणि मागे एक खेळाडू ठेवून त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचूच दिला नाही, आणि मोकळ्या सुटलेल्या इतर खेळाडूंचे दुरून मारलेले फेक चुकत गेले. निकाल ६३-५८. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकिताने पहिल्याला हरवण्याची ही केवळ दुसरी वेळ होती.

तरीही आपल्या प्रश्नातील निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. त्याच वर्षीच्या विश्वचषकात भारताने सलग दहा सामने जिंकून अहमदाबादचा अंतिम सामना गमावला, म्हणून ते दहा सामने वाया गेले असे आपण म्हणत नाही. बाद फेरीत एका संध्याकाळचे माप असते. गटाच्या हंगामात दोन महिन्यांचे. या दोन महिन्यांत प्रतिस्पर्धी प्रशिक्षक आपल्या प्रत्येक चालीच्या चित्रफिती पाहून तयारीने येतात, मुख्य खेळाडू आजारी पडतात, बुधवारी रात्री बर्फातून परगावी जावे लागते, आणि तरीही जिंकत राहावे लागते. येथे नशिबाला फारसा वाव उरत नाही. म्हणूनच वर्षभर संघामागे असणारा प्रेक्षक मार्चमधील पराभवाने हळहळतो, पण आपला संघ कसा आहे हे त्याला त्याआधीच ठाऊक असते.

त्याच्या पुढच्या वर्षीचा क्रमही उलगडून पाहावा. बहुतेक तेच खेळाडू आणि तेच प्रशिक्षक मॅट पेंटर घेऊन परड्यूने पुन्हा गट जिंकला. गटाच्या बाद फेरीत विस्कॉन्सिनकडून जादा वेळेत एका गुणाने हार पत्करली. तेव्हा ‘यंदाही तेच’ म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यानंतर हाच संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. ८ एप्रिल २०२४ रोजी ईडीने ३७ गुण करूनही कनेक्टिकटने तो सामना ७५-६० असा जिंकला. परड्यूने यापूर्वी अंतिम सामना खेळला होता तो १९६९ मध्ये, आणि त्या वेळी त्याला हरवणाऱ्या कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक होते जॉन वुडन, म्हणजे परड्यूचाच १९३२ सालचा गाजलेला खेळाडू! तेच यूसीएलए आता बिग टेनमध्ये दाखल झाले आहे.

प्रश्न : शेवटचे एक मिनिट पंधरा मिनिटे चालते. मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो आणि समोरच्याला फुकटचे गुण देतो. यात खेळ कुठे आहे? (एक आजोबा, पुणे)

उत्तर : आजोबा, गुण फुकटचे नाहीत, त्यांच्या बदल्यात वेळ विकत घेतला जातो. समजा, आपला संघ चार गुणांनी मागे आहे, चाळीस सेकंद उरले आहेत आणि चेंडू समोरच्याकडे आहे. त्याला फेक घेण्यासाठी तीस सेकंद मिळतात. ते त्याने शांतपणे घालवले तर आपल्या हाती जेमतेम दहा उरतील. फाउल केला की घड्याळ तत्काळ थांबते. विद्यापीठीय पुरुषांच्या खेळात वीस मिनिटांचे दोन भाग असतात आणि एका भागात संघाचे सात फाउल झाले की समोरच्याला सशर्त फ्री थ्रो मिळतो : पहिला आत गेला तरच दुसरा. दहाव्या फाउलपासून मात्र दोन्ही मिळतात. म्हणून अनुभवी प्रेक्षक शेवटच्या पाच मिनिटांत गुणफलकावर गुणसंख्येइतकेच लक्ष फाउलच्या आकड्यावर ठेवतो. सातवा, आठवा किंवा नववा फाउल संघातल्या सर्वांत कच्च्या फ्री थ्रो घेणाऱ्यावर झाला, तर पहिलाच फेक चुकण्याची आशा असते. आणि मॅकी अरिनात बास्केटमागे काळ्या कपड्यांत उभी असलेली विद्यार्थ्यांची ‘पेंट क्रू’ ती आशा फळाला यावी म्हणून घसा फोडत असते.

लांबलेले शेवट कंटाळवाणे असू शकतात हे मान्य. जाहिरातींचे ठरलेले थांबे त्यात भरच घालतात. पण एका सेकंदाची किंमत किती, हे २८ मार्च २०२५ रोजी इंडियानापोलिसमध्ये दिसले. परड्यू आणि ह्यूस्टन ६०-६० वर होते. ह्यूस्टनच्या मिलोस उझानने सीमारेषेबाहेरून चेंडू आत दिला, स्वतः लगेच मैदानात शिरला, तोच चेंडू टप्प्याच्या पासने परत घेतला आणि बास्केटखालून आत टाकला. घड्याळात एका सेकंदाहूनही कमी वेळ उरला होता. चेंडू आत देणाऱ्या खेळाडूवरच पहारा नव्हता, एवढीच चूक. असे शेवट पुन्हा पाहायचे असतील तर चेंडूकडे न पाहता चेंडू आत देणाऱ्याकडे पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

प्रश्न : खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलतात, आता त्यांना पैसेही मिळतात. मग प्रेक्षकाने जीव लावायचा तो कोणाला? आणि परदेशी विद्यार्थी-खेळाडूंनाही हे पैसे मिळतात का? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमाई करण्याची मुभा मिळाली आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ लागली, पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा सर्व खेळांसाठी मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर अशी ठरली. बदल्यांचे प्रमाण वाढले आहे हे उघड आहे. तरी त्यातही संघासंघांत फरक आहे. परड्यूत २०२२ मध्ये दाखल झालेले ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर चौथ्या वर्षापर्यंत तिथेच राहिले. पहिल्या वर्षी मोक्याच्या क्षणी अडखळणारा स्मिथ २०२५ मध्ये गटातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा मुलगा चार वर्षे डोळ्यांसमोर घडताना पाहणे, हे या खेळातले सर्वांत मोठे सुख आहे, आणि ते व्यावसायिक एनबीएत क्वचितच मिळते.

परदेशी खेळाडूंचा प्रश्न व्हिसाशी निगडित आहे. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना विद्यापीठाबाहेर काम करून कमावण्यावर कडक बंधने असतात, हे तिथे शिकणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला पाठ असते. टोरांटोचा ईडी सलग दोन वर्षे देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी याच बंधनांमुळे त्याला सहकाऱ्यांप्रमाणे मोकळेपणाने जाहिराती करता आल्या नाहीत. २०२४ मध्ये एनबीएच्या वार्षिक खेळाडू-निवडीत मेम्फिसच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले आणि तो व्यावसायिक झाला.

प्रश्न : सामने भारतीय वेळेनुसार किती वाजता पडतात? (अनेक वाचक)

उत्तर : परड्यूचे वेस्ट लाफायेत हे गाव अमेरिकेच्या पूर्व विभागाच्या वेळेनुसार चालते. हिवाळ्यात आपण साडेदहा तास पुढे असतो, म्हणजे तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊचा सकाळी साडेसातला सुरू होतो. शनिवारी दुपारी बाराचा सामना असेल तर आपल्या शनिवारीच रात्री साडेदहाला निवांत पाहता येतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे जातात, आणि ऐन गटाच्या बाद फेरीच्या सुमारास आपल्याकडचा पहाटेचा गजर साडेचारवर आणावा लागतो.