दोनदा गर्भपात झाला. माझीच प्रतिकारशक्ती बाळाला नाकारते आहे का? (इंदूर)

ताई, सासूबाई म्हणतात ती ‘अंगातली उष्णता’ तर नाहीच, पण शरीर बाळाला शत्रू समजतं हेही अर्धंच खरं. गर्भाशयातल्या एनके (नॅचरल किलर) पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, उलट वारेचा रक्तपुरवठा उभा करायला मदत करतात. त्या हाताच्या रक्तातून मोजण्यात पैसे घालवू नका. सुरुवातीचे साधारण निम्मे गर्भपात गुणसूत्रांच्या गडबडीने होतात.

तपासायचं ते अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या चुकीच्या अँटीबॉडीजमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा आजार. त्याच्या रक्तचाचण्या तीन: ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आलं तर किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा. एका रिपोर्टवर शिक्का नको. पक्कं झालं तर डॉक्टर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपारिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) देतात. माझ्या वहिनीचं निदान इथेच इंदुरात झालं. रोज पोटावर सुई, वैतागायची बिचारी. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचायचं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.