बाळ कुणाकडे ठेवून जातेस?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. चर्चच्या मीटिंगमध्ये कुणीतरी बोललं की लेकरू आठ महिन्यांचं आणि ही इथे काय करतेय, आणि तू विचारतेस, मावशी, पोरं सांभाळून बाहेर कामं केलेल्या बायका आपल्या चर्चच्या इतिहासात आहेत की नाही. आहेत गं. पण आपल्याला लहानपणी ज्यांच्या गोष्टी सांगितल्या त्या बहुतेक सिस्टर्स, नाहीतर संत मोनिका, तीही मुलगा संत ऑगस्टीनसारखा मोठा धर्मपंडित निघाला म्हणून लक्षात राहिलेली.

मला विचारशील तर डोरोथी डे. न्यूयॉर्कची पत्रकार, डाव्या मंडळींत वावरलेली. 1917 मध्ये बायकांच्या मतदानासाठी व्हाइट हाउससमोर उभी राहून जेलमध्ये गेली, तिथे उपोषण केलं, तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती आणि कॅथलिक तर अजून नव्हतीच. पुढे एकदा गर्भपात करून घेतला, आता आपल्याला मूल होणार नाही असंच ती धरून चालली होती आणि मग 1926 च्या मार्चमध्ये मुलगी झाली, तामार. एवढा आनंद झाला बाईला की आभार मानायचे कुणाचे हाच प्रश्न पडला. 1927 च्या जुलैत पोरीचा बाप्तिस्मा, डिसेंबरात स्वतःचा. तामारच्या बापाला ना चर्च पटत होतं ना लग्न, तो संसार तिथेच मोडला. लोक म्हणतात ना, मूल झालं की बाई घरात बसते, इथे उलटंच झालं बघ.

1932 च्या डिसेंबरात बेकारांच्या मोर्चाची बातमी करायला ती वॉशिंग्टनला गेली, 8 तारखेला मरियामातेच्या सणाला तिथल्या चर्चमध्ये रडून प्रार्थना केली की माझ्या गरिबांसाठी काहीतरी वाट दाखव, आणि घरी आली तर पीटर मॉरिन नावाचा फाटका माणूस भेटायला हजर! 1 मे 1933 ला दोघांनी मिळून काढलेल्या 'कॅथलिक वर्कर' या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला, 2500 प्रती, किंमत एक सेंट. मग भुकेल्यांसाठी सूप, बेघरांसाठी घरं, सगळं सुरू झालं. पंच्याहत्तरीत परत जेलमध्ये गेली, कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांसाठी.

आता हे सगळं मीटिंगमध्ये त्या माणसाच्या तोंडावर फेकू नकोस. कारण अंक निघाला तेव्हा तामार सात वर्षांची होती. भाऊ आणि वहिनी त्याच घरात राहायचे म्हणून निभावलं, आणि पुढे आई गावोगाव भाषणं देत फिरायची तेव्हा पोरगी बोर्डिंगमध्ये. अठराव्या वर्षी लग्न केलं तामारने, नऊ मुलं झाली, आणि नंतर चर्चला जाणंही सोडलं. डोरोथीला संत करायची प्रोसेस चालू आहे, ती व्हावीच असं मला वाटतं, पण तामारचं पान त्यातून फाडून टाकलं तर मला ते चालणार नाही.

म्हणून तुला आधी विचारते, बाळ त्या दोन तासांत कुणाकडे? जावईबापूंना सरळ सांग, 'मदत कर' नाही, 'गुरुवारी तुझी पाळी'. आणि मीटिंग रोजरीच्या प्रार्थनेनंतर रात्री साडेआठला का? पाचला घ्या म्हणावं, फादरना लेखी दे, चार आया सोबत घेऊन सही कर. एक चटई टाका कोपऱ्यात, पोरं खेळतील, रडली तर रडली.

माझंच सांगते. वसईची शेती आणि पाणी वाचवायच्या हरित वसई चळवळीच्या मोर्चांना मी जायची, घसा बसेपर्यंत ओरडायची, सगळे म्हणायचे काय धाडसाची बाई. माझा लेक माझ्या आईकडे असायचा. तिचीही वाडी होती, तिचीही विहीर होती, तिलाही यायचं असेल की मोर्चाला, पण मी तिला एकदाही विचारलं नाही.

रविवारी पहिल्या मिस्सानंतर घरी ये, अर्ज बसून लिहू. बाळाला घेऊन ये, मी भात मऊ करून ठेवते.

तुझी मावशी