बारची रील आणि मागच्या टेबलावरचे सर

मोठी मॅच जवळ आली की मिरजेपासून साताऱ्यापर्यंतच्या परमिट रूमवाल्यांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. मोठा पडदा लावलाय, आता रील टाकायची, काय चालतं? मी बारवाल्यांच्या रील करते, एकेकाला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून यावेळचे काही प्रश्न इथे घेतलेत.

प्रश्न : बारच्या पेजवर चालू हिंदी गाणी लागत नाहीत. अकाउंट बिझनेसवरून पर्सनल केलं की लागतात, असं भाचा म्हणतो. करू का? (कराड)

करू नका. ती गाणी वैयक्तिक वापरासाठी दिलेली असतात, आणि वर बारचं नाव लिहिलेलं अकाउंट भाच्याच्या म्हणण्यानं पर्सनल होत नाही.

प्रश्न : मॅचची दहा सेकंदांची क्लिप चालते, आणि खाली 'क्रेडिट मूळ मालकाला' लिहिलं की कॉपीराइट लागत नाही. खरं का? (पोवई नाका, सातारा)

हे दहा सेकंद कुठून आले ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मागे हाच आकडा तीस होता. कायद्यात असा कुठलाच आकडा नाही. आणि क्रेडिटचं म्हणाल, तर चोरलेल्या सायकलवर मालकाचं नाव रंगवून फिरण्यातला प्रकार आहे तो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ प्रक्षेपण करणाऱ्याला वेगळा हक्क देतं. पडद्यावरची मॅच मोबाइलवर शूट करून टाकली तरी प्रश्न तोच उभा राहतो. तेव्हा पडदा चौकटीबाहेर ठेवा. विकेट पडल्यावर बारमध्ये उठलेला आरडाओरडा आणि पाठीमागून घेतलेले वर गेलेले हात, एवढ्यात रील होते.

विषय निघालाच आहे तर विचारते, तुमचा पडदा कुणाच्या सबस्क्रिप्शनवर चालतो? शेठच्या नंबरवर घेतलेलं ओटीटी घरापुरतं असतं. तेच बारमध्ये लावून वर त्याची रील टाकणारे मी पाहिलेत. हॉटेलसाठीचं कनेक्शन वेगळं मिळतं. केबलवाल्याच्या 'चालतंय की'वर विसंबू नका, त्याच्याकडून लेखी घ्या.

प्रश्न : रीलमध्ये ग्लास दाखवून 'यात फक्त सोडा आहे' असं लिहिलं तर? (विटा)

सोडा असेल तर लिंबू दाखवा, बर्फावरून सोनेरी धार कशाला? महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात दारूच्या जाहिरातीवर बंधनं आहेत. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांत सोड्याच्या आडून केलेली छुपी जाहिरातही मना आहे. ब्रँड, बाटली, 'एकावर एक फ्री' यातलं काही नको. बारचं नाव, मॅचची वेळ आणि जेवण दाखवण्यात तुमच्या परवान्याला काही अडतं का, ते राज्य उत्पादन शुल्कच्या कार्यालयात परवान्याची प्रत घेऊन विचारा.

तसंही तव्यावरचं सुकं मटण आणि कांदा घातलेलं भडंग ग्लासापेक्षा जास्त गिऱ्हाईक आणतं. आपल्याकडच्या माणसाला भडंग बघून भूक लागत नसेल, तर तुमचं भडंग सादळलंय.

प्रश्न : मॅचच्या रात्री गर्दीचं शूटिंग करतो. 'येथे शूटिंग चालू आहे' असा कागद दाराला लावलाय. पुरे ना? (विश्रामबाग, सांगली)

नाही, नाही आणि नाही. बाकी काही वाचलं नाहीत तरी हे वाचा.

तीन वर्षांपूर्वी एका बारची रील मीच केली होती. कॅमेरा काउंटरवरून पडद्याकडे फिरतो, सगळी मिळून सहा सेकंदं. मागच्या टेबलावर शाळेतले एक सर, पाच मित्रांबरोबर, हातात ग्लास. घरी सांगून आले होते की तासगावला बेदाण्याच्या सौद्याला आलोय, मुक्काम पडेल. सकाळी आठला मी रील काढली, तोवर ती पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचली होती. सरांनी कुठला गुन्हा केला नव्हता. परवाना असलेल्या जागी बसून मॅच बघत होते. अजूनही ते मंडईत दिसले की मी भाजीकडे बघते. बारचं दर मॅचला बसणारं सहा जणांचं टेबल गेलं ते गेलंच.

पुण्या-मुंबईच्या गर्दीत चेहरा हरवतो. आपल्याकडे चेहऱ्याला गाव असतं, भावकी असते, व्याही असतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितलंय. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही संमतीवर बोट ठेवतो. दाराच्या कागदाला मी संमती मानत नाही. तिसऱ्या पेगनंतर 'घ्या हो, काय होतंय' म्हणालेल्याची तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट वयाची. बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ पूर्ण लागतात. बावीस वर्षांचा पोरगा व्हिस्कीच्या ग्लासासह तुमच्याच रीलमध्ये दिसला, तर तुमच्याविरुद्ध पुरावा तुम्हीच पेजवर पिन करून ठेवलेला असेल.

शूटिंग संध्याकाळी पाचला, रिकाम्या टेबलांवर करा. वेटरांचे चेहरे घ्यायचे तर त्यांनाही आधी विचारा. रात्री कॅमेरा गिऱ्हाइकांच्या पाठीमागे ठेवा. ज्यांना हौस आहे त्यांच्याकडून, ऑर्डर द्यायच्या आधी, दोन ओळींवर सही घ्या. त्या ओळी वकिलाकडून लिहून आणा, नेटवरून उतरवू नका. रील त्याच रात्री टाकायची नाही. दुसऱ्या दिवशी शेठनी मोठ्या पडद्यावर थांबवत थांबवत बघायची, कारण मोबाइलवर मागचं टेबल दिसत नाही. मला तरी कुठं दिसलं होतं! आणि कुणी काढा म्हटलं की काढायची, कारण विचारायचं नाही.

प्रश्न : एक एजन्सी महिना पंधरा हजारांत दहा लाख व्ह्यूजची हमी देते. घ्यावी का? (सातारा)

व्ह्यूज विकत मिळतात हो, पण ते येऊन टेबलावर बसत नाहीत. तुमच्याकडे माणूस येणार शाहूपुरीतून, गोडोलीतून, फार तर कोरेगावहून. बघणारे कुठल्या शहरातले, तो आकडा इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये दिसतो. एजन्सीला त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाचा तोच आकडा मोबाइलवर उघडून दाखवायला सांगा. बहुतेकांचा मोबाइल तेवढ्यात हँग होतो. त्यापेक्षा बिलाच्या वेळी 'कुठून कळलं?' विचारून वहीत रेघ मारा.

फुकट ताट खाऊन रील करणाऱ्यांचंही सांगून ठेवते. ताट हाही मोबदलाच, तेव्हा ही जाहिरात आहे असं रीलवर स्पष्ट दिसलं पाहिजे. करारावर सही करण्याआधी तो तुमच्या सीएला दाखवा.

प्रश्न : स्मृती मानधना आपल्या सांगलीची. विश्वचषकाचा तिचा फोटो बारच्या रीलमध्ये लावू का? (सांगली)

नाही. २ नोव्हेंबर २०२५ चा आनंद सगळ्या सांगलीचा होता, पण तो तुमच्या गल्ल्याला जोडायला तिची परवानगी लागते.

प्रश्न : यूट्यूब शॉर्ट्सवर मॅचच्या क्लिपमुळे दोन स्ट्राइक (कॉपीराइटच्या तक्रारीवरून मिळणारी ताकीद) आलेत, पहिला दीड महिन्यापूर्वी. वकिलाची नोटीसही येऊन वीस दिवस झाले. थोडं थांबून बघू का? (मिरज)

कशासाठी थांबताय? ९० दिवसांत तिसरा स्ट्राइक आला तर चॅनल जाऊ शकतं. व्हिडिओ डिलीट केला म्हणून आलेला स्ट्राइक पुसला जात नाही. नवीन काही टाकू नका. उत्तर किती दिवसांत द्यायचं ते बहुतेक नोटिशीतच लिहिलेलं असतं, आणि वीस तर तुम्ही घालवलेत. नोटीस, तिचा लिफाफा आणि शूटिंगची मूळ फाइल घेऊन आजच वकील गाठा. मला नोटिशीचे फोटो पाठवू नका, मी रील करते, वकिली नाही. आज रविवार असेल तर त्यांच्या घरी जा.