म्युनिकला पेटंटच्या कामासाठी येण्यापूर्वी

पुण्यात इनहेलरच्या संशोधन विभागात असताना मिळवलेला कॅनिस्टर-कोटिंगचा (औषधाच्या धातूच्या डबीला आतून लेप देण्याचा) अनुभव म्युनिकमधील पेटंट फर्ममध्ये उपयोगी पडेल का, असे आपण विचारले आहे. नक्कीच पडेल, कारण या क्षेत्रातले काही वाद औषध कॅनिस्टरला का चिकटते, याच प्रश्नावर लढले जातात.

मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन थराला घातक सीएफसी वायू जाऊन औषध फवारण्यासाठी एचएफए-१३४ए वायू आला, तेव्हा काही औषधांचे कण अॅल्युमिनियमला चिकटू लागले आणि फवाऱ्यातली मात्रा बिघडू लागली. त्यावर फ्लुरोपॉलिमर (टेफ्लॉनच्या जातीचे) कोटिंग सुचवणारे ग्लॅक्सो या औषध कंपनीचे पेटंट-अर्ज १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पेटंटला आक्षेप घेणारा विरोधक साहजिकच म्हणतो, की नॉनस्टिक तवा घरोघरी असताना यात नवे ते काय? युरोपियन पेटंट ऑफिसात एवढ्याने भागत नाही. युरोपियन पेटंट कराराच्या कलम ५६ खाली सर्वांत जवळचे प्रायर आर्ट (अर्जापूर्वी जनतेला उपलब्ध असलेली माहिती), त्याहून असलेला फरक आणि त्या फरकाचा तांत्रिक परिणाम ठरवल्यावर, त्या काळचा जाणकार हे कोटिंग वापरू शकला असता का, एवढेच न पाहता, या अडचणीवर उपाय म्हणून त्याने ते खरोखर वापरले असते का, हे पाहिले जाते. कोटिंग भाजताना पातळ कॅनिस्टर नरम पडेल, किंवा त्यातून काही द्रव्ये औषधात उतरतील, या धास्तीने तो मागे सरला असता का, हे प्रयोगशाळेत काम केलेला माणूसच नेमकेपणाने सांगू शकतो. मात्र कंपनीच्या नोंदी सोबत आणू नयेत; तो गोपनीयतेचा भंग ठरेल, आणि जनतेला उपलब्ध नसलेला कागद प्रायर आर्ट ठरतही नाही.

नागरिकत्वाचा विचार आताच करावा. साधारण तीन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर पेटंट प्रतिनिधी होण्यासाठीच्या युरोपियन पात्रता परीक्षेचे सर्व टप्पे देता येतात, परंतु त्याच कराराच्या कलम १३४ नुसार युरोपियन पेटंट ऑफिसपुढे बाजू मांडणाऱ्या प्रतिनिधींच्या यादीत नाव लागण्यासाठी कराराच्या सदस्य देशाचे नागरिकत्व लागते आणि सूट विशेष परिस्थितीतच मिळते. ही अट मला अन्यायकारक वाटते, पण ती आहे. जर्मनीचे नागरिकत्व सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, बी-१ पातळीच्या जर्मनसह मिळते, आणि ते घेताच भारतीय नागरिकत्व जाते. म्हणून घरच्यांशी आधीच बोलून घ्यावे.

पुढचे वाद एचएफए-१५२ए आणि एचएफओ-१२३४झेडई या नव्या वायूंभोवती होतील, असा माझा अंदाज आहे. जुने कोटिंग नव्या वायूसोबत वापरणे जाणकाराला सहज सुचण्याजोगे आहे की नाही, यावर प्रसिद्ध साहित्याच्याच आधारे दोन पानी टिपण लिहून आपल्या अर्जासोबत जोडावे.